सुनंदाचं वसमत कुणी रंगवलं

अन्याय सुनंदावर झाला. सुनंदा माझी थोरली बहीण, मी तिला अक्का म्हणते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, वसमतच्या एका मंगल कार्यालयात, इस्त्रीच्या कपड्यांतल्या भरल्या हॉलसमोर झाला. तिनं काढलेले शहराचे काळे-पांढरे फोटो लोकांनी भिंतीवरून उतरवले, काखेत मारले आणि नेले. आणि गणपती बसायच्या आत तिच्याच हातून त्या फोटोंना रंग लावून घेतला. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण मी ज्या संघटनेत काम करते तिची पत्रकं लिहून लिहायला शिकले. पत्रकात पहिल्या चार ओळींत मुद्दा आला नाही तर लोक त्यात भजी बांधून नेतात. आत्मकथन लिहायचं तुझं वय नाही, असं संघटनेतल्या दोघांनी मला तोंडावर सांगितलं. नसेल. पण माझी अकरावी-बारावी ज्या खोलीत गेली, त्या खोलीबद्दल बोलायला मी केस पांढरे व्हायची वाट बघणार नाही.

आमचं गाव शिरड शहापूरच्या अलीकडं. दहावी झाल्यावर मला पुढं शिकायला वसमतला अक्काकडं ठेवलं. दाजींचा, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचा, मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, रस्त्यावर फोटो स्टुडिओ होता. पुढं स्टुडिओ, मागं दोन खोल्या. खोल्यांना खिडकी नव्हती. मागची भिंत हळदीच्या गोदामाची. बाहेर पडायला एकच दार, ते स्टुडिओत उघडायचं, आणि त्या दारावरच फोटोला लागतो तो पडदा टांगलेला: बर्फाचा डोंगर, निळं तळं, तळ्यात बदक. म्हणजे गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की आम्ही आत कोंडलेल्या. दाजी तिकडून ओरडायचे, "पासपोर्ट चालूय! कुणी दार हलवू नका!" कॉलेजची बस सुटत असली तरी मी दप्तर पाठीला लावून त्या डोंगराच्या मागं उभी. एकदा दूध उतू गेलं, मी फडक्यासाठी धावले, पडदा हलला आणि एका म्हाताऱ्या बाबांच्या डोक्यामागं बदक वाकडं आलं. दाजींनी तो फोटो पुन्हा काढला आणि रात्री जेवताना म्हणाले, "तुझ्यापायी त्या बाबाला दोनदा हसावं लागलं. त्याच्या घरी इतकं कुणी हसवीत न्हाई त्याला." दाजी असेच. वाईट माणूस म्हणता येत नाही, आणि तीच खरी तकलीफ. वाईट माणसाविरुद्ध घोषणा देता येते.

गोदामात हळद पॉलिश करायचा मोठा पत्र्याचा ड्रम होता. हंगामात तो सकाळपासून फिरायचा. आत हळकुंडं एकमेकांवर आपटायची, आणि आमच्या भिंतीतून गडगड, गडगड असा आवाज अखंड यायचा. सवय झाली की तो ऐकू येत नसे, बंद पडला की मात्र दचकायला व्हायचं. पिवळी धूळ फटीतून आत. भाताच्या झाकणावर पिवळं, माझ्या वह्यांवर पिवळं, अक्काच्या कीबोर्डवर पिवळं. अक्का अंबाडीची भाजी फार चांगली करायची, वरून लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी. ती भाकरीसुद्धा तव्यावरून उतरवून ताटात येईपर्यंत पिवळसर व्हायची. मी कुरकुर केली की अक्का म्हणायची, "लग्नाआधीच हळद लागून राहिली तुला. गुमान खा."

अक्का स्टुडिओची कामगार होती, फक्त तसं कुणी म्हणत नसे. लग्नाच्या ऑर्डरी दाजी घ्यायचे, शूटिंगला पोरं जायची आणि अल्बम अक्का बनवायची. त्या आतल्या खोलीत, पंख्याखाली, सकाळची भांडी झाली की कॉम्प्युटरपुढं. नवरीचा गाल गुलाबी कर. शालू अजून लाल कर. झेंडू पेटव. आकाश मळकं आलंय, निळं कर. दाजी मागून वाकून बघायचे आणि दर वेळी एकच सांगायचे, "अजून थोडा कलर टाक." आमच्या स्टुडिओत रंग काढायचं काम एकाच कारणासाठी निघायचं. घरात कुणी गेलं की माणसं जुना लग्नातला नाहीतर आधार कार्डाचा फोटो घेऊन यायची, म्हणायची, मोठा करून द्या, हार घालायचाय. दाजी न विचारता तो काळा-पांढरा करायचे. चौकातला श्रद्धांजलीचा बोर्डही तसाच. वाढदिवसाचा बोर्ड रंगीत, मयताचा काळा-पांढरा. हा कायदा कुणी लिहिलेला नाही, पण आमच्या भागातल्या लहान लेकरालाही तो कळतो. कुणाचा काळा-पांढरा फोटो दिसला की आधी विचारतात, कधी गेले?

आणि अक्का, जिला हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, ती कॅमेऱ्यातला रंग बंद करून शहराचे फोटो काढायची.

तिला दिवसातला एकच तास मोकळा मिळायचा. दाजी जेवून स्टुडिओतल्या बाकावर आडवे व्हायचे, अर्धं शटर खाली ओढायचे, तेव्हा. बाहेर कडक ऊन. शिकलेले फोटोग्राफर म्हणतात, दुपारचं ऊन फोटोला वाईट. अक्काला दुसरं ऊन मिळतच नव्हतं. ती स्टुडिओतला जुना कॅमेरा उचलायची, डोक्यावरून पदर घट्ट घ्यायची आणि शटरखालून वाकून निघायची. सुट्टीच्या दिवशी मीही तिच्याबरोबर जायचे. मोंढ्यातल्या बंद शटरांची रांग. बस स्टँडच्या छपराची रस्त्यावर पडलेली काळी पट्टी. अर्धवट बांधलेल्या कॉम्प्लेक्सवर आकाशात घुसलेल्या सळया. पाण्याची टाकी. एका गल्लीत विजेच्या तारांचं जाळं भिंतीवर असं पडायचं की भिंत शिवल्यासारखी दिसायची. माणूस एकही नाही, कारण त्या वेळेला अख्खं वसमत झोपलेलं. आज तिच्या फोटोंबद्दल बोलणारे शहाणे लोक म्हणतात, या बाईंच्या शहरात माणूस नसतो, हा त्यांचा विचार आहे. मला हसू येतं. विचार कसला, मुळात दाजींची झोप होती ती. तेवढ्या झोपेत मावेल एवढंच शहर तिला मिळालं, आणि तिनं त्यातून ते काढलं.

मी एकदा विचारलं, "अक्का, रंग काहून बंद करतीस गं? मयताचे वाटतेत."

ती भिंतीकडं बघत होती. "दिवसभर लोकाच्या लग्नाचे रंग भरते मी. डोळे मिटले तरी झेंडू दिसतो. रंग गेला की पमे, भिंत भिंतीसारखी दिसती. ऊन उन्हासारखं." मग जरा थांबून, "अन् हळद दिसत न्हाई."

स्टुडिओत मोठे फोटो छापायचं नवं मशीन आलं तेव्हा हा सगळा प्रकार सुरू झाला. दाजींना त्याची जाहिरात करायची होती. एवढ्या मोठ्या फोटोंसाठी नांदेडला जायची गरज नाही, ते आपल्याकडंच निघतात, हे व्यापाऱ्यांना दिसलं पाहिजे. दाजींनी अक्काच्या कॉम्प्युटरवर ते फोटो बघितले होते. बारीक बारीक चौकोनांत, जेवता जेवता. म्हणाले, "हे भारी हायेत की. समद्यांची दुकानं आलीत. हेच छापू अन् प्रदर्शन लावू. वसमतचं दर्शन!" अक्काच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ती ताटावरून उठली, हात धुतले, परत येऊन बसली आणि म्हणाली, "मी छापते. तुमी नका बघू. एकदम हॉलमधेच बघा." दाजींनी हसून मान हलवली. त्यांचा समज असा की रंग ती नंतर भरणारच आहे, जशी सगळ्यात भरते. तिचा समज असा की नवऱ्यानं बघितलंय आणि होकार दिलाय. एका घरात, एका ताटावर बसून दोघांनी दोन वेगळ्या गोष्टींना होकार दिला.

हॉल मिळाला करीच्या दिवशी, कारण त्या दिवशी आमच्याकडं कुणी शुभकार्य धरत नाही आणि हॉल रिकामाच असतो. दाजी म्हणाले, फोटो बघायला कसली कर. अक्कानं दोन दिवस फोटो छापले, फ्रेमी बसवल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला भांडी घासायला सांगून स्वतः बसून राहिली. प्रदर्शनाच्या दिवशी तिनं लग्नातली जांभळी साडी नेसली. भिंतीवर एकेक फोटो लागत गेला तशी ती मागं सरकून बघायची, पुढं जाऊन फ्रेम केसभर हलवायची. मला वाटतं तो अर्धा तास ती मोकळी होती. मी असं वाक्य पत्रकात लिहिणार नाही, पण इथं लिहिते.

चारला लोक आले. पहिले किसनशेठ, हळदीचे व्यापारी, आमच्या मागच्या गोदामाचे मालक आणि चौकातल्या गणपती मंडळाचे अध्यक्ष. सोबत त्यांची म्हातारी आई, सून, नातवंडं. म्हातारीला बसायला खुर्ची दिली, ती नेमकी तिच्याच दुकानाच्या फोटोसमोर आली. तिनं वर बघितलं. आपल्या दुकानाची पाटी ओळखली. मग तिनं पदर डोक्यावर ओढला, सुनेचा हात धरला आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं गं?"



"कोन न्हाई गेलं, आत्याबाई," सून म्हणाली. "फोटो हाय."

"मग हार कुठाय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या हसण्यानंच सगळं बिघडलं. किसनशेठ लाल झाले. "बालाजी!" त्यांनी दाजींना हाक मारली. "आमचं दुकान मेलं व्हय रे? चालू दुकानाला मयत केलंस तू!"

"तसं न्हाई शेठ, ते आपलं..."

"अन् करीच्या दिवशी!" दुसरा कापडवाला बोलला. "माजं बी हाय तिकडं. गिऱ्हाईक एक न्हाई दारात. असा दिसतो व्हय माजा धंदा?"

"मागं नगरपालिकेचे आले होते," तिसरा म्हणाला, "अतिक्रमणवाले. त्यांनी बी असेच रिकामे रिकामे फोटो काढून नेले. महिन्यात जेसीबी आला."

हे वाक्य पडलं आणि माणसं फोटो बघायचं सोडून आपापली दुकानं शोधायला लागली. "ह्ये कोणाचं? ह्ये आमच्या साडूचं." अक्का मधोमध उभी होती. तिनं बोलायचा प्रयत्न केला, "काका, ऊन बघा ना शटरवरचं..." किसनशेठ तिच्याकडं न बघता म्हणाले, "वैनी, तुमी घाबरू नका, तुमचं काई न्हाई," आणि दोन पोरांना खूण केली. पोरांनी त्यांची फ्रेम उतरवली. ते बघून कापडवाल्यानं आपली उतरवली. मग सगळ्यांनीच. आमच्या दुकानाचा फोटो आमच्या घरी राहील, बाहेर नको, नजर लागती. टाकीचा आणि तारांचा फोटो कुणाचाच नव्हता, तेही त्या भागात राहणाऱ्यांनी नेले. भिंतीवर नुसते खिळे राहिले.

मी तेव्हा ओरडले. "तिला विचारा तरी! फोटो तिचे हायेत!" दाजींनी माझा दंड धरला. आणि किसनशेठ, आता राग उतरलेले, मोठ्या मनाचे झाले. हा क्षण नीट ऐका, कारण आपल्याकडं अन्याय बहुतेक वेळा मोठ्या मनानंच होतो. ते म्हणाले, "हे बघ बालाजी, वैनीची मेहनत वाया न्हाई जायला पायजे. कॉम्प्युटरात हायेत ना? कलर भर. गणपतीच्या कमानीवर लावू. आपलं सुंदर वसमत! स्टुडिओचं नाव टाकू खाली."

"व्हय शेठ, व्हय," दाजी हात जोडून म्हणाले.

"ते रंगीत न्हाईतच," अक्का म्हणाली. "मी रंग बंद करून काढलेत."

"मग आता चालू करा की!" कापडवाला म्हणाला, आणि सगळा हॉल हसला. दाजीही हसले.

त्यानंतरचे दिवस त्या बिनखिडकीच्या खोलीत गेले. अक्का कॉम्प्युटरपुढं, मी मागं कॉटवर, भिंतीपलीकडं ड्रमची गडगड. फोनवर फोन. शटर हिरवं करा, आमचं हिरवं हाय. आकाशात ढग टाका. पाटी चमकवा. मग किसनशेठांचा निरोप आला, दारात गिऱ्हाईक दाखवा. गिऱ्हाईक कुठून आणणार? अक्कानं लग्नांच्या अल्बममधून माणसं कापली आणि दुकानांसमोर उभी केली. हळदीच्या दुकानात फेटेवाले वऱ्हाडी हळद घेतायत. कापडाच्या दुकानासमोर एक करवली हातात आरतीचं ताट घेऊन उभी. दाजी मागून वाकून म्हणाले, "अजून थोडा कलर टाक." मी म्हणाले, "दाजी, ह्याला लाज म्हणतात." ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पमे, ही समदी लोकं आपल्याला लग्नं देतेत. तू ज्या भाकरीवर शिकतीस ती त्यांचीच हाय. तुला पटत न्हाई तर गावाकडं सोडतो, बापाला सांगतो पोरगी भांडून राहिली म्हणून." गावाकडं म्हणजे शिक्षण बंद आणि वर्षाच्या आत लग्न, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. अक्का वळली नाही. तिनं स्क्रीनकडं बघतच मला सांगितलं, "तोंड बंद ठेव पमे. एकीनं अडकावं, दुसरीनं बाहेर पडावं. बस आता."

आमच्या धंद्याची एक रीत आहे. अल्बम दिला की जुना माल पुसायचा, नाहीतर पुढच्या लग्नाला जागा उरत नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड तर प्रत्येक ऑर्डरीनंतर कोरं करतात. अक्कानं त्या फोटोंची कार्डं कधीच पुढच्या लग्नांना दिली होती, कॅमेरा तिचा नव्हता आणि कार्डही नव्हती. कॉम्प्युटरवर एकच प्रत होती, आणि जागा नाही म्हणून दाजींनी त्याच फाइलीवर रंग सेव्ह करायला लावले. ती एकेक फोटो रंगवायची आणि बटण दाबायची. प्रत्येक बटणाबरोबर मूळचा गेला. शेवटचा तारांच्या भिंतीचा होता. तिनं ती भिंत गुलाबी केली, तारा पुसल्या, कारण शुभेच्छांच्या अक्षरांना जागा पाहिजे होती. मग उठून भाकरीचं पीठ मळायला घेतलं. रडली नाही. रडली असती तर कुणीतरी समजूत काढली असती, आणि तिला ती नको होती.

गणपतीत कमान फार गाजली. माणसं थांबून आपापल्या दुकानासमोर सेल्फी काढायची. खाली किसनशेठांचं सौजन्य, दाजींचा स्टुडिओ, मंडळाच्या पोरांची नावं, अगदी मांडववाल्याचं नाव. अक्काचं नाही. वरातीत येऊन गेलेले ते फेटेवाले मात्र दहा दिवस हळद घेत उभे होते.

मी बाहेर पडले. अक्का अजून तिथंच आहे. गोदामाचा ड्रम नवा झाला, पडद्यावरचं बदक जाऊन तिथं आता राजवाडा आला, खिडकी मात्र अजून नाही. लग्नाच्या ऑर्डरी आता नांदेड, हैदराबाद, पुण्यापर्यंत जातात आणि दाजी तिलाही नेतात, कारण नवरीच्या खोलीत बाई फोटोग्राफर लागते. नवरी मेकअपला बसते तेवढ्या वेळात अक्का लॉजच्या गच्चीवर नाहीतर मागच्या गल्लीत जाते आणि रंग बंद करून ते शहर काढते. पूल, जिने, काचेच्या इमारती, कुणाचीच नसलेली. बाहेरच्या शहरांचे तिचे फोटो आता लोक प्रदर्शनांत बघायला येतात. पुण्यातल्या एका गॅलरीनं तिचं मोठं प्रदर्शन धरलंय. फोन माझ्यासमोरच आला होता. पलीकडच्या बाईंनी विचारलं, सुरुवातीचं काम पाठवा, तुम्ही कुठून सुरू केलंत ते पहिल्या भिंतीवर लावू. अक्का म्हणाली, "सुरुवात न्हाई माझ्याकडं." आणि फोन ठेवून नवरीचा गाल गुलाबी करायला लागली. बाईंनी ती भिंत अजून रिकामी ठेवली आहे, पण कायमची ठेवणार नाहीत.

सुरुवात तुमच्याकडं आहे. मोंढ्यातले, स्टँडजवळचे, टाकीखालचे, जे त्या दिवशी हॉलमधे होते ते, आणि ज्यांच्या बापानं काखेत फ्रेम आणली ते. तुम्ही तो फोटो फेकला नाही, हे मला माहीत आहे. स्वतःच्या दुकानाचा फोटो कुणी फेकत नाही, आणि अशुभ म्हणून लावतही नाही. तो माळ्यावर आहे, कपाटामागं तोंड भिंतीकडं करून आहे, तांदळाच्या पिंपावर झाकण म्हणून आहे. आजच शोधा. काच फुटली असेल तर फुटकी चालेल, वाळवी लागली असेल तर उरलाय तेवढा चालेल. पुसू नका, रंगवू नका, मोबाइलवर फोटो काढून पाठवू नका. तोच आणा. दुपारी दाजी झोपतात तेव्हा शटर अर्धं उघडं असतं, वाकून आत या. दाजी जागे असले, पासपोर्ट चालू असला, तरी पडदा बाजूला करा. आणि फोटो दाजींच्या हातात देऊ नका. तिच्या हातात द्या.